एकशे एकच्या आधीची शंभर

मुलगी : विमानाची शंभर इंजिनं म्हणजे काही शंभर टाचण्या नव्हेत, काका. एकेक साठ किलोचं. कुठंतरी असायलाच हवीत.

फोरमन : असायला हवीत खरी.

मुलगी : एकशे एक बाहेर काचेच्या पेटीत आहे. एकशे सात एका कॉलेजने उभं चिरून मुलांना दाखवायला ठेवलंय. तिथपासून सहाशे बारापर्यंत जवळजवळ सगळ्यांचा पत्ता लागला. बाबांच्या कारखान्याचा चाळीस वर्षांचा इतिहास लिहायचा, आणि पहिल्या शंभरांबद्दल एक ओळ नाही?

फोरमन : त्या पेटीची काच पुसायला हवी. कोणी लक्षच देत नाही.

मुलगी : तुम्ही निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. काच राहू द्या. मी जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली. एकाने छातीठोकपणे कळवलं की त्याच्याकडे त्र्याहत्तर नंबरचं आहे. दोनशे किलोमीटर गेले. पाण्याचा पंप निघाला.

फोरमन : चालू होता?

मुलगी : काका.

फोरमन : नाही, सहज विचारलं.

मुलगी : छापखान्याचा माणूस बाहेर बसलाय. पहिलं पान तयार आहे. त्यावर बाबांचं ते वर्धापनदिनाचं वाक्य घातलंय, 'हा कारखाना एका बाईच्या काही नाहीवर उभा आहे.' अर्थ मला अजून कळलेला नाही, पण पहिल्या पानाला चालतं. अडलंय ते दुसऱ्या पानावर. शेवटी लिहून टाकलं की पहिली शंभर इंजिनं पुरात वाहून गेली.

फोरमन : कुठल्या पुरात?

मुलगी : तात्पुरता घातलाय.

फोरमन : आपल्याकडे नदी नाही, ताई.

मुलगी : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बाबा गेले. आई लग्नानंतर आली. सुरुवातीपासूनचे तुम्ही एकटेच उरलात.

फोरमन : पूर काढून टाक. ती वाहून गेली नाहीत.

मुलगी : मग?

फोरमन : झालीच नाहीत.

मुलगी : काय झाली नाहीत?

फोरमन : एक ते शंभर. एकशे एक हेच पहिलं.

मुलगी : थांबा. मला जरा बसू द्या.

फोरमन : तू बसलेलीच आहेस.

मुलगी : कव्हरवर सोनेरी अक्षरांत सहाशे बारा छापलंय, काका. रंग वाळला पण.

फोरमन : पाचशे बारा. त्यालाही सोनेरी शोभेल. अगं, लाकडाच्या वखारीमागे एक पत्र्याची शेड, एक लेथ, तुझे बाबा, म्हणजे आमचे दादा, आणि मी. दोन वर्षांनी एक इंजिन उभं राहिलं. दादा म्हणाले, नंबर ठोक. मी हातोडी घेतली, 'एक' ठोकला. सुरेख बसला. दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, शेजारी शून्य ठोक, आणि त्याच्या शेजारी आणखी एक 'एक'. पेटीत नीट निरखून बघ. पहिला आकडा ऐटीत उभा आहे. पुढचे दोघं बस चुकेल म्हणून पळत आल्यासारखे.

मुलगी : पण का?

फोरमन : फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीपायी. विमान क्लबचं. त्यांनी आधीच बजावलं होतं, तुमचं पहिलंवहिलं इंजिन माझ्या विमानाला लागणार नाही. आले, नंबर वाचला, चष्मा खिशात घातला आणि 'लावा' म्हणाले. दादा एक शब्दही खोटं बोलले नाहीत. जे काही बोललं ते इंजिन.

मुलगी : ह्याच बाबांनी एक खोडरबर परत करायला मला भर उन्हात दुकानापर्यंत चालवलं होतं.

फोरमन : तेव्हा एकशे चाळिसावं चालू होतं. मन खात असणार.

मुलगी : एक मिनिट. ते एकशे एक आईने उडवलं होतं. आई तेव्हा क्लबमध्ये शिकवायची.

फोरमन : हो.

मुलगी : लग्नाला किती दिवस झाले होते त्यांच्या?

फोरमन : तीन आठवडे.

मुलगी : म्हणजे तीन आठवड्यांच्या बायकोला बाबांनी कधीही हवेत न गेलेलं इंजिन लावून वर पाठवलं. वर खोटा नंबर दाखवून. आणि मी त्यांच्या फोटोला रोज नमस्कार करते.

फोरमन : करत जा. नंबर सेक्रेटरीसाठी होता. वहिनींना खरं सांगायचं ठरलं होतं. दादा मला म्हणाले, मी सांगितलं तर ती माझ्याकडे बघून हो म्हणेल. तू सांग, म्हणजे इंजिनाकडे बघून ठरवेल.

मुलगी : हुश्श. मग आईला माहीत होतं.

फोरमन : इथं प्यायला पाणी आहे का?

(दार उघडून आई येते. हातात छापखान्याचं पान.)

आई : माझ्या फोटोखाली हे 'धाडसी वैमानिक' कोणी लिहिलं? काढ ते. माझ्या आधी शंभर इंजिनं उडून आली होती. त्यात कसलं आलंय धाडस? अरे, भाऊजी, तुम्ही कधी आलात? चेहरा का असा?

मुलगी : काका, तुम्ही आईला सांगितलं होतं ना?

आई : काय सांगायचं होतं मला?

फोरमन : वहिनी, आधी बसा.

आई : मी विमानातसुद्धा सगळं तपासल्याशिवाय बसले नाही कधी. बोला.

फोरमन : शंभर झालीच नव्हती. तुमच्या आधी एकही उडालं नव्हतं. तुम्ही उडवलं ते पहिलं. त्या सकाळी दादांनी मला तेवढंच सांगायला तुमच्याकडे पाठवलं. मी आलो. तुम्ही पट्टा आवळत होता. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तसाच माघारी गेलो. दादांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही.

मुलगी : काही नाही.

फोरमन : तुम्ही इंजिनाबद्दल खरंच काही म्हणाला नव्हता. दादांनी पुन्हा विचारलं, काहीच नाही? मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि तुम्ही खाली येईपर्यंत छातीशी धरून उभे राहिले.

मुलगी : आणि नंतर? चाळीस वर्षं होती तुमच्याकडे.

फोरमन : आज सांगू, उद्या सांगू म्हणत पाचशे बारा झाली, ताई. दादांना शेवटपर्यंत वाटत होतं की वहिनींनी सगळं समजून उडवलं.

आई : अकरा मिनिटांत उतरले होते मी. समोरची काच ऑइलने माखलेली. खाली आल्या आल्या ह्यांना म्हटलं, शंभर इंजिनं केलीत तरी साधी गळती थांबवता येत नाही? तर हे हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस पदरात पडलाय.

फोरमन : त्यांना वाटलं, तुम्ही थट्टा करताय.

आई : पुढं एकदा विचारलंही होतं, तुला भीती नाही वाटली? म्हटलं, आधीच्या शंभर जणांना कुठं काय झालं? त्यावर माझा हात धरून नुसते बसून राहिले.

मुलगी : पण आई, एका शेडमध्ये शंभर इंजिनं. तुला शंकासुद्धा आली नाही?

आई : लग्न ठरवताना मुलगा कष्टाळू आहे असं सांगितलं होतं. म्हटलं, असेल.

मुलगी : खरं कळलं असतं तर उडवलं असतंस?

आई : नाही.

मुलगी : लगेच नको सांगूस. जरा आठवून बघ.

आई : त्यात आठवायचं काय? इंजिन नवं, नवरा नवा. दोघांचीही चाचणी व्हायची होती.

मुलगी : आता मात्र बस, आई.

आई : कधीही भांडण झालं की आधी हेच गप्प व्हायचे. चारचौघांत माझा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, स्वभाव चांगला आहे. ते त्या सकाळच्या बाईला मान देत होते. आणि ती मी नव्हतेच.

फोरमन : उडवलं तर तुम्हीच, वहिनी.

आई : हो. आणि सगळं आयुष्य माझ्या आधीच्या शंभर जणांना मोठं म्हणत आले.

फोरमन : ताई, झालं तसं लिही. चूक माझी. 'फोरमन' एवढं लिहिलंस की सगळे ओळखतील.

मुलगी : आई, काय लिहू? बाहेर तो माणूस तिसऱ्यांदा खोकला.

आई : तो पूर काढ. शंभर झालीच नाहीत, हे लिही. एकशे एक हेच पहिलं आणि ते मी उडवलं, हेही लिही.

मुलगी : आणि तुला माहीत नव्हतं, ते?

आई : ते नको. ह्यांना जसं वाटत होतं तसंच राहू दे.

मुलगी : मग फोटोखालचं 'धाडसी' काढू ना?

आई : राहू दे. ते ह्यांच्याकडून आहे असं समज.

फोरमन : वहिनी, मला काहीतरी बोला. ओरडा तरी.

आई : त्या सकाळी तुम्ही विमानाजवळ आलात तेव्हा तुमचे हात थरथरत होते. मला वाटलं, अंगात ताप आहे. मी खिशातली गोळी दिली होती.

फोरमन : दिली होती.

आई : घेतलीत का?

फोरमन : नाही, वहिनी. ताप नव्हता.