पिशवीतली घोंगडी

मिरजेच्या दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत शालूबाई बसल्या होत्या. शेजारी माण तालुक्यातला एक म्हातारा मेंढपाळ होता आणि त्याच्यापाशी पांढऱ्या कोटातली, डॉक्टरकी शिकणारी नात. म्हातारा हळू बोलत होता, पण शालूबाईंचे कान तिखट.

"प्रांजल, तू लांब हुबी ऱ्हा. तुजं मास्तर बघत्याल. घोंगडी पिशवीत कोंबलीया, पर मुंडाशाचं काय करू?"

"बघू द्या की! आवं, काल सरांनी फळ्यावर एक लॅटिन म्हण लिवली. फेस्तिना लेन्ते. म्हंजी घाई करा, पर सावकाश."

"कोण ह्यो शाना?"

"लय जुनी म्हण हाय. सर म्हणाले, ऑपरेशनची शिस्त हीच. कोण दाखला देतंय? मी उठले."

"तू? काय सांगितलंस?"

"म्हणलं, अंधार पडायच्या आत लांडग्याचं रान पार करायचं असलं, तरी आमचा आज्जा लंगड्या कोकराच्या चालीनंच कळप हाकायचा. एक मेंढरू कवा गेलं न्हाई."

"येडी का काय! समद्या वर्गाम्होरं मेंढरं काढलीस?"

"काढली. सर म्हणाले, हितनं पुढं दर वर्षी पोरांना ह्योच दाखला देणार."

म्हातारा मग खाकरला.

"पिशवी दे हिकडं."

"पाणी पायजे?"

"न्हाई गं. घोंगडी काढ. खांद्यावर घीऊन बसतो."