गट नंबर ११२ मधील विहीर समुद्रात दाखविल्याबाबत

दि. २८ एप्रिल २०२५, दुपारी ३.२०

मी पार्वताबाई देवमन गावंडे, वय कागदावर ७१, धंदा शेती, शिक्षण दुसरी, रा. टाकळगव्हाण, ता. नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती. ठाण्यात बोलावलं म्हणून आली. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

गट नंबर ११२ मध्ये माझी विहीर आहे. मालक आणि मी मिळून खोदली, त्याले चाळीस वर्षं झाली. मालक वारले, विहीर आहे. पंपासाठी विजेचा अर्ज केला. संत्र्याची दोनशे झाडं आहेत, फळ गळून राहिलं.

मार्चमध्ये पाहणीचे साहेब सौमित्र पिंपळकर, रा. जठारपेठ, अकोला, आले. विहिरीचं दोन लोटे पाणी पिले. काठावर उभं राहून मोबाइलात अक्षांश-रेखांश भरले. मग कागद आला, 'नमूद ठिकाणी विहीर नाही, समुद्र आहे. अर्ज नामंजूर.'

सून आरतीनं ते आकडे मोबाइलच्या नकाशात टाकले. जागा नॉर्वे देशाच्याही वर, बर्फाच्या समुद्रात निघाली. ती म्हणाली, "आत्याबाई, यानं आकडे उलटे भरले. आधी वीस पाहिजे, मंग सत्त्याहत्तर."

आज ११ वाजता साहेब फेरपाहणीले आले. मी म्हटलं, "बापू, तू आता कुठं उभा आहेस?"

"तुमच्या विहिरीवर, आजी."

"मंग तसं लिही."

"लिहिता येत नाही. जुने आकडे पक्के झाले. सिस्टीम समुद्रच दाखवते."

साहेब सावलीसाठी बैलांच्या कोठ्यात गेले. मी बाहेरून कडी लावली. हे खरं आहे. शिवी दिली नाही. 'मुडद्या' म्हटलं, ते मी सगळ्यायले म्हणते. खिडकीतून भाकर आणि लोणचं दिलं. त्याच्या कागदाप्रमाणे तिथं बर्फ असल्यानं वाकळही दिली. ऊन त्रेचाळीस डिग्री होतं. वाकळ घेतली नाही.

साहेबानं ठाण्यात फोन करून मोबाइलातले तेच आकडे सांगितले. दीड तास कोणी आलं नाही. मग जमादार किसनरावांचा फोन आला. साहेबानं तो खिडकीतून मले दिला. जमादार म्हणाले, "आजी, तुमी आहात कुठं? इथं नुसतं पाणी दाखवून राहिलं." मी म्हटलं, शाळेमागून या. आले.

आता पंचनाम्यात घटनास्थळ काय लिहावं, हे जमादार मलेच विचारून राहिले. माझं म्हणणं, विहीर समुद्रात असंल तर कडीही मी समुद्रातच लावली, आणि या ठाण्याची हद्द तिथवर जात नाही. कडी नांदगाव तालुक्यात लावली असंल तर विहीरही तिथंच आहे. दोन्हीतलं एक लिहावं आणि शिक्का मारून नक्कल मले द्यावी. विजेच्या अर्जाले जोडते.

जबाब मले वाचून दाखवला. सांगितला तसाच आहे. 'मुडद्या' खोडला होता, तो परत लिहून घेतला. घटनास्थळाची ओळ जमादारांनी कोरी सोडली आहे. ती भरेपर्यंत मी इथंच बाकावर बसून आहे.

सही : पार्वताबाई