विमलचं लाटणं

मंडळी, एक विचारतो. वस्तू जागची हलत नाही, पण तिचा अर्थ हलतो. तो कोण हलवतं? आणि हलवणाऱ्याला त्याची लाज कधी वाटते?

साधं लाटणं घ्या. नुसतं नाव काढलं, आणि मागे हसू आलं बघा! असू द्या. ऐका.

सोलापुरात मुरलीधर दाबके म्हणून गृहस्थ, गिरणीतून निवृत्त झालेले. बायको विमल. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर यांचा विनोद एकच — "निघतो रे, घरी लाटणं वाट बघतंय." कट्टा हसायचा. मोबाईल आला, तशी लाटणं उगारलेल्या बाईची चित्रं आली. रोज सकाळी देवाच्या फोटोआधी मुरलीधरराव ती चित्रं पाठवायचे. विमल म्हणायची, "अहो, मी कधी उगारलंय का?" "अगं, गंमत असते ती."

विमल गेली. कट्ट्यानं शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, आणि समोर तीच मंडळी. मुरलीधररावांच्या मनात एकच — आज तरी तिच्याबद्दल कुणी मानानं बोलावं.

अंबूबाई उठल्या. चाळीतल्या जुन्या शेजारीण. म्हणाल्या, "विमलचं लाटणं मी विसरायची नाही..."

सभा हसली. शोकसभा हो, मंडळी. फोटोसमोर!

अंबूबाई गोंधळल्या. "हसता का रं? त्या दुष्काळात रेशनला धान्य नव्हतं, रॉकेल नव्हतं. आम्ही बायका थाळ्या-लाटणी घेऊन मोर्चानं गेलो. कचेरीपुढं हिच्या उजव्या मनगटावर लाठी बसली. हिनं थाळी माझ्या हातात दिली, आणि डाव्या हातानं वाजवतच राहिली. पोरं जेवली ती त्या लाटण्यामुळं."

मुरलीधररावांना हे ठाऊक नव्हतं का? ते मनगट त्यांनीच हळद लावून बांधलं होतं. तेव्हा चाळभर अभिमानानं सांगत फिरले होते. मग विसरले? नाही हो. मोर्च्याची गोष्ट सांगायला वेळ लागतो. विनोदाला लागत नाही.

शेजारी बसलेले हरिभाऊ पुटपुटले, "माफ कर मुरली. सवयीनं हसू आलं."

"सवय मीच लावली रे."

ते उठले, फोटोजवळ गेले. आता सगळं सांगायचं, असं ठरवून तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एकानं घाईनं तोंडावर रुमाल धरला. त्याला वाटलं, आता मुरली विनोद करणार.

ते मुरलीधररावांना दिसलं. ते तसेच खाली बसले.

मंडळी, मुरलीधररावांना सोडा. त्यांना आता विचारायला कुणी नाही. तुम्हाला आहे. आज घरी गेलात, की वाढणारीजवळ बसा. विचारा, "तुझ्या कशाची मी थट्टा केली?" ती म्हणेल, "काही नाही, जेवा." देवाची शपथ आहे तुम्हाला — तेवढ्यावर जेवायला लागू नका.