अकराचा फोन

सेक्रेटरी : नाही साहेब, हे मला जमायचं नाही. आई तुमची आहे.

साहेब : म्हणून तर तुम्हाला सांगतोय. मागे मामा गेले तेव्हा मीच फोन केला होता. तासभर रडली. मला नाही हो झेपत. तुमच्याशी कशी छान बोलते! रोज अकराला गप्पा चालतातच की तुमच्या.

सेक्रेटरी : तुम्हीच लावून दिलंत ते. "आठवडाभर जरा आईला फोन करून गोळी घेतली का विचारा, मी कामात आहे." त्या आठवड्याला चार वर्षं झाली. डायरीत मीटिंगांच्याही वर लिहिते मी, 'अकरा, आजी'.

साहेब : मग आज दोन वाक्यं जास्त बोलायची. गुरुवारी गाडी येईल, बॅग भरून ठेवा. संपलं.

सेक्रेटरी : आणि गाडी कुठे जाणार म्हणून विचारलं तर?

साहेब : तपासणीला. डॉक्टरांकडे.

सेक्रेटरी : वृद्धाश्रमाचा फॉर्म मीच टाइप केलाय, साहेब. 'मुक्काम : कायम' असं आहे त्यात.

साहेब : अहो, चांगली जागा आहे! नर्स आहे, बाग आहे. मी काय तिला वाऱ्यावर सोडतोय?

सेक्रेटरी : मग तसंच सांगा ना त्यांना. परवा मला म्हणाल्या, "तू खरं बोलतेस गं, म्हणून तुझ्याशी बोलावंसं वाटतं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रोज थाप मारते मी, साहेब आत्ताच तुमची चौकशी करत होते म्हणून.

साहेब : हे बघा, तुम्हाला कायम करायची फाइल माझ्याकडे सहीला आलीय. म्हणजे, मी काही तसं म्हणत नाहीये...

सेक्रेटरी : तसंच म्हणताय. आणि भीती वाटते हो मला, का नाही वाटणार? घरात कमावणारी मी एकटी. पण त्या बाईंना फसवून गाडीत बसवायला माझी जीभ रेटत नाही.

साहेब : अकरा वाजून गेले. वाट बघत असेल ती.

सेक्रेटरी : लावते.

(ती नंबर लावते, स्पीकर चालू करते आणि फोन साहेबांपुढे सरकवते.)

साहेबांची आई : आज उशीर गं बाई! गोळी घेतलीय हो, विचारायच्या आधीच सांगते. तुझ्या लेकीचा खोकला कसा आहे?

सेक्रेटरी : बरा आहे, आजी. आज मी नाही, साहेब बोलणार आहेत तुमच्याशी.

साहेब : अहो, हे काय... हॅलो. आई, मी बोलतोय.

साहेबांची आई : तू?

साहेब : हो, मीच.

साहेबांची आई : थांब हं. खुर्चीत बसू दे मला... हं, बसले. सांग बाबा. कोण गेलं?