वरची साल

धरणगावहून जळगावला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर आजी आणि तिची शाळकरी नात बसल्या होत्या. नातीच्या मांडीवर जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा चेहरा होता.

"कामिनी, हाई तं मी शे!"

"नाही गं आजी, मी आहे. दात बघ ना, सगळे आहेत. चित्रकलेच्या बाईंनी स्वतःचाच चेहरा करायला सांगितलाय."

"मंग कपाळवर इतल्या आठ्या?"

"पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला, की आत अशाच रेघा निघतात. बाई हसतील. वर्गात गेल्या गेल्या रंग फासते."

"रंग नको फासू, पोरी. बाईले सांग, वरनी साल काढी, तं आतून मनी आजी निंघनी!"