घळीतला हिरडा

ऐका. सरकून बसा जरा, आणि मधेच कोणी उठू नका.

वरच्या वाडीतली ठकूबाई, माझी चुलती. तिच्याबाबत घडलेलं सांगतो. तिचा नवरा कोंडाजी त्या साली हिरडा झोडताना झाडावरून पडला. पाय मोडला, घरात पडून होता. खाचरातलं भात खायला पुरायचं, पण तेल, मीठ, कापडचोपड सगळं बांधावरच्या चार हिरड्यांवर. मग काय करील? एकटीनं झोडला, एकटीनं वेचला. वर कातळावर वाळत घातला.

आणि एका रात्री जेवणं झाली न झाली तोच आभाळ गडगडलं. वळीव! भिजला हिरडा की बुरशी धरतो. मग कोण व्यापारी घेतो?

कोंडाजी म्हणाला, "राहू दे गं. अंधारात जाऊ नको."

"आन् वरीसभर खायाचं काय?"

पोतं घेतलं, बॅटरी घेतली, निघाली. दांडाची, डोंगराच्या धारेवरची वाट लांबची. हिनं धरली घळीची. त्या घळीत एक जुना हिरडा आहे, ठाऊक आहे ना? फळांनी लगडतो, पण कोणी काठी लावत नाही त्याला.

जाताना तिला ऐकू आलं. सप्. सप्. कोणीतरी फांद्या झोडत होतं.

"कोण हाय?"

आवाज थांबला. आणि सड्‌सड्‌ हिरडे पडायला लागले, अंगावर, डोक्यावर! बॅटरी मारली, तर जमीन साफ. एक फळ नाही! वाघोबा देवाचं नाव घेत ती कातळावर पळाली.

हिरडा भरला, तोंड बांधलं. दांडाकडं वळणार तर वीज कडाडली, थेंब आले. पुन्हा घळच धरली बिचारीनं. पोतं ओढत ओढत आणलं, आणि नेमकं त्या झाडाखाली दम संपला. डोक्यावर घ्यायचं तर एकटीला उचलेना. सवयीनं बोलून गेली, "हात लावा रं कोणीतरी!"

"लावतो की."

पोतं अलगद डोक्यावर आलं. "देव भलं करो, दादा," म्हणाली, दोन पावलं टाकली, आणि तिच्या ध्यानात आलं. हात खालून लागलाच नव्हता. वरून लागला होता. झाडातून!

चालली. भरभर चालली. घळ संपेना. समोर तोच हिरडा. परत चालली. परत तोच! मान मोडायची वेळ आली, पोतं जड, आणखी जड. आणि पोत्यातून आवाज आला, अगदी कानाशी, "दमलीस का गं बाई?"

गोणपाटातून बोटं तिच्या केसांत शिरत होती.

फेकलं तिनं पोतं! पडल्याचा आवाज नाही. काही नाही. ती धावत सुटली. मागून कोंडाजीची हाक, "ठके, थांब! पोतं राहिलं तुझं!" आणि धाडधाड पावलं. तिचा पाय अडखळला हो! नवऱ्याचा आवाज, वळणारच होती. पण मोडक्या पायाचा माणूस धावेल कसा? ती वळली नाही. केस मागे ओढले गेले, तिनं हिसडा दिला, बट तुटली. धडपडत खाचराच्या बांधावर येऊन पडली. तिथं सासू कंदील घेऊन उभी होती, हाका मारत.

पावलं थांबली. आणि घळीत पुन्हा, सप्. सप्.

सकाळी चार गडी गेले. पोतं त्या हिरड्याच्या शेंड्याला लटकत होतं. गाठ तशीच. रात्रभर पाऊस कोसळलेला, पण पोतं कोरडं ठणठणीत. कोणी चढलं नाही. कोण चढेल? कुजून पडलं तेव्हा पडलं.

त्या वर्षी ठकूबाईनं लोकांच्या बांधावर राबून दिवस काढले. केस पिकले तरी बट तुटली त्या जागी तिला केस आले नाहीत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून सांगतो, पोरांनो, उद्या हिरड्याला जाल, तर दांडानं जा, दांडानंच या. आभाळ फाटलं तरी घळीत उतरू नका. हिरडा भिजला तर भिजू द्या.