विकायला काढलेल्या चहापेट्या

—तर सगळ्याच न्या म्हणते मी, एकही मागे ठेवू नका. बसा ना. तिथे नको, तिथे नको! ती खुर्ची नुसती बघायची, बसायची ही — हो, प्लास्टिकची. फोनवर सांगितलं ना, आमचे हे लिलावाला गेलेत, ते परत यायच्या आत सगळं गाडीत भरून निघायचं. मग आदळआपट करतील, करू देत. घर आहे की गोदाम? कपाटावर पेट्या, पलंगाखाली पेट्या, आणि मी चहा कशात ठेवते? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात! हसताय काय, खरंच सांगते. ‘अगं, दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी पेटी, तिच्यात चहा कसा ठेवायचा?’ — आणि नाव काय, तर चहाची पेटी!

हे टीपॉय बघा. मला वाटलं, कप ठेवायला आणलं, तर वरचं झाकण उघडतं आणि आत चहाचे डबे. म्हणजे कप ठेवायची चोरीच की! ही महोगनीची — एका कप्प्यात हिरवा चहा, एकात काळा, मध्ये काचेचं भांडं, त्यात दोन्ही मिसळायचे. आणि कुलूप बघा केवढुसं. तेव्हा चहा सोन्याच्या भावाने, म्हणून घरची बाई किल्ली स्वतःजवळ ठेवायची — मला कसं माहीत? रोज कानीकपाळी ओरडतात हे, न ऐकून जाणार कुठे? वास घ्या आत. येतो ना? अजून येतो. मागे यांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी एकटी घरी आले की ही उघडून नाक खुपसून बसायची. घर खायला उठायचं हो. वास घेतला की जरा — बरं, ते जाऊ दे. तुम्ही पेट्या बघा.

अहो, कडीला धरून नाही उचलायची! खालून, दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळाला उचलतात तशी. हां. आणि हे पेअर, नाशपाती हो, आतून चहाचीच पेटी — याचं नंतर बघू. फळझाडाच्या लाकडाचं, फळाच्याच आकाराचं, वर देठसुद्धा. रोज कोरड्या फडक्याने मीच पुसते. आमचे हेही पुसतात, पण घाईघाईत, देठाशी धूळ तशीच — अहो, पिशवीतून काय काढताय? पॉलिश? आधी ते आत ठेवा! घासून चकचकीत करणार? हा काळपटपणा म्हणजे मळ वाटला तुम्हाला? किती जणांचे हात फिरलेत यावर, त्यात आता माझेही — आणा इकडे. आणा म्हणते ना!

नाही द्यायचं. ही पण नाही. टीपॉयही राहू दे, कुठे अडतंय त्याचं? जीव जडलाय माझा यांच्यावर, झालं समाधान? पण आमच्या ह्यांना कळता कामा नये हं. मी सारखी कटकट करते म्हणून निदान एकेक पेटी येते. मला आवडतात हे कळलं, तर ट्रक भरून आणतील, मग झोपायचं कुठे आम्ही?

गाडी थांबली वाटतं. हे आलेच, बघा खिडकीतून — आणि हातात — अगं बाई, केवढं खोकं ते! उठा, उठा तुम्ही. जिन्यात भेटले तर म्हणावं, बाई फार कजाग आहे, एकही पेटी घरात नको म्हणते. एवढं कराच माझ्यासाठी. आणि जाताना दार लोटून घ्या, मला जागा करायचीय.